पाहून परत

३ फेब्रुवारी

दादा,

तुझी ओळ मिळाली. "त्यांना सांग, पत्र तपासायला पाठवलं नव्हतं." ही ओळ मी बाबांना सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही, कारण ती चुकीच्या माहितीवर लिहिली आहे. आधी माहिती दुरुस्त करते. मग रागवायचं असेल तर खुशाल रागव.

तुला जे परत आलं त्यात वर तुझंच पत्र होतं, पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि तळाला बाबांचे दोन शब्द, इंग्रजी अक्षरांत: "पाहून परत". तुला वाटलं, त्यांनी तुझ्या प्रत्येक शब्दावर प्रश्नचिन्ह मारलं. असं वाटणं वेडेपणाचं नाही, हे मान्य. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, ज्यानं आपल्या दोघांच्या शाळेतल्या निबंधांच्या समासातही लाल प्रश्नचिन्हं टाकली आणि तू घर सोडताना ठेवलेली चिठ्ठीसुद्धा तशीच खुणा करून तुला टपालानं परत पाठवली, त्याच्याबद्दल कुणीही काहीही मानेल. मीही मानलं असतं.

पण या वेळी बाबांनी काही केलेलं नाही. पुरावा तुझ्याकडेच आहे. परत आलेलं पत्र उघड आणि कुठलाही छोटा शब्द घे. 'मी' या शब्दाला सहा प्रश्नचिन्हं दिसतील. म ला तीन, वेलांटीला तीन. बाबा शाईच्या बाबतीत चिक्कू आहेत. एका अक्षरावर तीन प्रश्नचिन्हं ते मेले तरी टाकणार नाहीत. शिवाय तुझे स्वल्पविराम जागच्या जागी आहेत. लाल पेन बाबांच्या हातात असतं तर सगळ्यात आधी तेच उडाले असते.

झालं असं. संगणक मराठीचं प्रत्येक अक्षर तीन आकड्यांत साठवतो. ते आकडे कुठल्या तक्त्यावरून वाचायचे हे मेल दाखवणाऱ्या प्रोग्रामला सांगावं लागतं. तुमच्या बोटीवरची मेल कंपनीच्या किनाऱ्यावरच्या जुन्या सर्व्हरमधून येते, आणि तो प्रत्येक मेलवर डोळे मिटून एकच शिक्का मारतो: साधा इंग्रजी मजकूर. बाबांच्या प्रोग्रामनं शिक्क्यावर विश्वास ठेवला. इंग्रजीच्या तक्त्यात तुझे आकडे नव्हते, म्हणून एकेका आकड्याला एकेक प्रश्नचिन्ह. माझ्या यंत्रावर मी असल्या शिक्क्यांकडे दुर्लक्ष करायला केव्हाच सांगून ठेवलंय, म्हणून तुझी ओळ मला नीट दिसली. बाबांच्या यंत्रावर ते सांगायचं राहिलं होतं, इतकंच.

"पाहून परत" बद्दल त्यांना विचारलं. म्हणाले, "मग काय करायचं? खराब उठलेला कागद खिळे जुळवणाऱ्याकडे तसाच पाठवायचा असतो. त्याला दिसायला नको का, काय उठलंय ते?" त्यांच्या हिशेबी त्यांनी तुला मदत केली.

बाबा असल्या जुन्या पद्धतीच्या काळ्या पडद्यावर मेल का वाचतात, हे तू विचारलेलं नाहीस. तरी सांगते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर जाते आहे. पांढरा पडदा त्यांना नुसता लख्ख दिसतो, वरची अक्षरं दिसत नाहीत. काळ्यावर पिवळी, आणि बोटाएवढी मोठी असली की वाचतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या त्या काळ्या पडद्यावर, हे जमतं. माउस नाही, चित्रं नाहीत, आठ-दहा कळा पाठ केल्या की झालं. एका वेळी पडद्यावर पाच-सहा शब्द मावतात. त्यांना चालतं.

तुझं पत्र शाबूत आहे. प्रश्नचिन्हं फक्त पडद्यावर आहेत, आणि तुझ्याकडे गेलेल्या नकलेत. बाबांच्या पेटीत मूळ पत्र तू लिहिलंस तसंच पडून आहे. सेटिंग बदललं की वाचता येईल. तुला पुन्हा लिहावं लागणार नाही.

१२ फेब्रुवारी

दादा,

"काढून टाक ते पत्र. मी पुन्हा लिहिणार नाही आणि तेही वाचायला नको."

बरं, आता माझं ऐक. पत्र मी काढून टाकू शकते, कारण यंत्र मी चालवते. काढणार नाही, कारण पेटी बाबांची आहे. त्यांचा पासवर्ड त्यांनी मला सांगितलेला नाही, आणि तो मोडून आत शिरायची माझी इच्छा नाही. तुझ्या पत्राचा एक शब्द मी पाहिलेला नाही. पाहणारही नाही.

त्यांना म्हटलं होतं, "माझ्या यंत्रावर उघडून वाचून दाखवू का?"

"नको."

"मोठ्यानं नाही वाचणार. हळू वाचेन."

"हळू काय आणि मोठ्यानं काय! मला आलेलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी काय कोर्टात उभा आहे?"

तेव्हा तो मार्ग बंद. वाचतील तर स्वतः वाचतील.

आणि वेळ बेताचा आहे. काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बाई तरुण आहेत, आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, "कडेची नजर राहील, चालता-फिरता येईल. वाचायची नजर पावसाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. काही वाचायचं राहिलं असेल तर आत्ता वाचून घ्या काका." बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांचंच वाचलंय. आता राहिलंय काय?" मग जिना उतरताना, माझ्याकडे न बघता: "ते चिरंजीवांचं कोडं तेवढं सुटलं का गं?"

चिरंजीव म्हणजे तू. तुझ्या पत्राला ते कोडं म्हणतात. आधी प्रश्नपत्रिका म्हणायचे.

मी "बघते" म्हणाले.

शेजारच्या काकूंना यातलं काही माहीत नाही, तरी त्यांनी मला गॅलरीत गाठलं. "अगं, तुझे वडील दुपारी भिंतीशी बोलतात, लक्ष आहे का तुझं?" म्हटलं, "भिंतीशी नाही काकू, कॉम्प्युटरशी." "मग तो तरी उत्तर देतो का?" "प्रश्नच विचारतो फक्त." काकू हसल्या. मी विनोद केला नव्हता. दुपारी मी ऑफिसात असते. बाबा तुझं पत्र रोज उघडतात, हे मला काकूंकडून कळलं.

तू ते कधी आणि कुठे बसून लिहिलंस हे मला माहीत नाही. एवढंच कळतं की तुमच्या बोटीवर तुझ्यासारख्या आचाऱ्याला स्वस्थ बसायला फार वेळ मिळत नसणार, आणि परत आलेली प्रश्नचिन्हं माझ्या साध्या पडद्यावरसुद्धा चार पडदे भरून होती.

२१ फेब्रुवारी

दादा,

तू उत्तर दिलेलं नाहीस. कामाचं लिहिते.

बाबांच्या यंत्रावर मी 'चाचणी' नावाचं वेगळं खातं उघडलंय. जे काही बदलायचं ते आधी तिथे करते, म्हणजे बाबांच्या पेटीला हात लागत नाही. अर्धं काम झालंय. यंत्राची भाषा बदलली आणि तक्ता युनिकोडवर, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांच्या तक्त्यावर, आणला. त्यामुळे मी पाठवलेली मराठी मेल आता तिथे मराठीत दिसते.

दिसते म्हणजे कशी, तेही सांगते. टर्मिनल हा चौकटींचा कागद असतो, एका चौकटीत एक अक्षर. मराठी अक्षर चौकटीत बसायला तयार नसतं. वेलांटी एका घरात आणि अक्षर शेजारच्या घरात. बाबांना नमुना दाखवला. नाक पडद्याला लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणी जुळवलंय? मात्रा सगळ्या रस्त्यावर सांडल्यात."

"यंत्रानं."

"काढून टाका त्याला नोकरीवरून."

तीन टर्मिनल आणि सात-आठ फॉन्ट बदलून पाहिले. आता एक जोडी जमली आहे. जोडाक्षरं थोडी मोकळी दिसतात, पण मात्रा आपापल्या डोक्यावर बसल्या आहेत. बाबांनी पुन्हा पाहिलं. "चालेल. छापायला देण्यासारखं नाही, पण चालेल." चाळीस वर्षांत त्यांनी छापखान्यात कुणाला याहून मोठी शाबासकी दिली असेल असं मला वाटत नाही.

राहिलं ते तुमच्या सर्व्हरच्या शिक्क्याचं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची आहे: कुठलंही पत्र 'मी साधं इंग्रजी' म्हणालं, तरी त्याला युनिकोड समजून वाच. ओळ एवढीशीच आहे. पण ती बोटीवरून आलेल्या खऱ्या मेलवर पारखायला हवी. माझ्या पाठवण्यानं तो शिक्का बसत नाही.

म्हणून तुझ्याकडून एक मेल हवी. चाचणीच्या खात्यावर पाठव. पत्ता खाली दिलाय. मजकूर काहीही चालेल, फक्त मराठीत हवा. ती मेल बाबांकडे जाणार नाही, आणि तुझ्या जुन्या पत्राशी तिचा काही संबंध नाही. ती मी वाचणार आहे, हे मात्र धरून चाल.

१ मार्च

दादा,

चाचणीच्या मेल पोहोचल्या. पोच म्हणून उतरवते.

पहिली: "क ख ग घ. पुढचं आठवत नाही."

दुसरी: "कांदे संपले. कप्तान माझ्याकडे असं बघतो जसं काही मीच खाल्ले."

तिसरी: "अजून किती पाठवू? इथे मेलच्या खोलीत समुद्राचे नकाशे बघणारा चार्टवाला बसतो, तो विचारतो घरी कोण आजारी आहे का."

तिन्ही स्वच्छ दिसल्या. काना-मात्रा सगळं जागेवर. खरं म्हणजे पहिल्या मेललाच काम झालं होतं. पुढच्या दोन मी का मागवल्या, हा या पत्राचा विषय नाही.

विषय हा आहे. ती ओळ मी अजून फक्त चाचणीच्या खात्यात घातली आहे. बाबांच्या खात्यात घातली की त्यांना येणारी तुझी प्रत्येक मेल वाचता येईल, पुढे येणारी आणि आधी आलेली. जुनं पत्र तेवढं झाकून ठेवायची सोय करता येते. तारीख बघून नियम लावायचा, दहा मिनिटांचं काम. मी ते करणार नाही. यंत्रानं बाबांशी खोटं बोलावं अशी व्यवस्था मी माझ्या हातानं करणार नाही.

पण तू "वाचायला नको" म्हणाला होतास, आणि ते पत्र तुझं आहे. म्हणून आधी सांगून करते आहे. येत्या रविवारी जेवणानंतर मी ती ओळ बाबांच्या खात्यात घालणार. त्याआधी तू स्पष्ट 'नको' म्हणालास, तर मी बाबांना सांगेन की पत्र वाचता येण्यासारखं आहे, पण पाठवणाऱ्याची इच्छा नाही. मग तुम्ही दोघं आणि तुमचा हट्ट. बाबांची नजर संपली की विषयही संपेल.

तुझ्यावर दबाव आणते आहे असं तुला वाटेल. आणते आहे.

एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं, लिहिते. बाबांनी कळांवर चिकटवायला मला मोठी अक्षरं कापून मागितली. वाचण्यासाठी त्यांना तेवढ्या कळा लागत नाहीत. लिहिण्यासाठी लागतात.

८ मार्च, रविवार

दादा,

काल संध्याकाळी चाचणीच्या खात्यावर तुझी मेल आली. मी मागितली नव्हती. "समुद्र शांत आहे. चाचणी." एवढीच. ती मी चार-पाच वेळा वाचली. तीत 'नको' हा शब्द नाही. 'हो'ही नाही. 'नको' नाही एवढं मी धरलं.

जेवणानंतर ओळ घातली. बाबांना म्हटलं, "तुमचं कोडं सुटलंय. उघडून बघा." आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.

त्यांना एका पडद्याला खूप वेळ लागतो. वाचून झालं की कळ दाबतात, ती कळ जुन्या पद्धतीची आहे, खटका मोठा वाजतो. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते. खटका ऐकू यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा खटका. मध्येच खूप वेळ खटका वाजला नाही. मी इस्त्री उभी करून ठेवली. मग दोन खटके पाठोपाठ आले, आणि मला कळलं की ते मागे जाऊन पुन्हा वाचत आहेत.

काकू शिडी मागायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "घर एवढं चिडीचूप का? भांडलात की काय?"

"नाही. बाबा वाचतायत."

"काय वाचतायत?"

"दादाचं पत्र."

काकू शिडी न घेताच गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या घरातला रेडिओ बंद झाला. इतक्या वर्षांत रविवारी दुपारी तो बंद असलेला मी ऐकलेला नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा उन्हं उतरली होती. खुर्ची चाचपून बसले. डोळे पुसत होते, पण ते डॉक्टरीणबाईंच्या थेंबांनीही पुसावे लागतात, त्यामुळे मी त्यावरून काही ठरवत नाही. म्हणाले, "लिहितो बरा. स्वल्पविराम मात्र अजून मूठभर घेऊन पेरतो."

मी इस्त्री केलेले कपडे आवरत होते.

"मला एक सांग. उत्तर द्यायला गेलं की ते यंत्र त्याचं सगळं पत्र खाली चिकटवतं. ते काढायचं कसं?"

"का? तशी पद्धतच आहे. असू दे की."

"नको. त्याचं त्याला परत पाठवायचं नाही. ते माझ्याकडे राहू दे."

मी कळ दाखवली. त्यांनी मला खोलीबाहेर पाठवलं. रात्रीच्या जेवणापर्यंत आतून एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येत होता. आपण दोघं लग्नाच्या वयाचे होईपर्यंत ते जेवढं आपल्याशी बोलले नसतील, तेवढं त्या आवाजाच्या हिशेबानं त्यांनी लिहिलं असावं. पाठवण्याआधी मला हाक मारली नाही. दोनदा तपासून स्वतःच पाठवलं.

तुला पोहोचेल. जाणाऱ्या मेलचा अक्षरांचा तक्ता मी स्वतः तपासलाय, तुमच्या सर्व्हरनं काहीही शिक्का मारला तरी बोटीवर ते नीट दिसेल. मजकूर पाहिलेला नाही.

१५ मार्च

दादा,

तू बाबांना उत्तर पाठवलंस, त्यांनी तुला पाठवलं, पुन्हा तू पाठवलंस. मला हे सर्व्हरच्या नोंदीवरून कळतं. वेळ आणि आकार दिसतो, बाकी काही नाही. आकार वाढतो आहे. यंत्र उत्तम चालू आहे. आठवडाभरात बाबांनी मला एकदाही खोलीत बोलावलेलं नाही. कामाच्या दृष्टीनं मी हा विषय बंद केला होता.

आज चहा पिताना बाबा आपणहून म्हणाले, "अरे हो, पहिल्याच पत्रात त्यानं विचारलं होतं. राहूनच गेलं सांगायचं. टाचणी कशी आहे, म्हणून."

तुझ्या तोंडचं माझं हे नाव तू गेल्यापासून या घरात कुणी घेतलेलं नव्हतं. बाबांच्या तोंडी तर कधीच नव्हतं. त्यांनी ते प्रुफातला नवखा शब्द वाचावा तसं तोडून वाचलं, टाच-णी.

म्हटलं, "मग?"

"मग काय? लिहिलं ना मी. बरी आहे म्हणून."

"मला न विचारता?"

"यात विचारायचं काय? बरीच आहेस की!" आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

त्यांचा दोष नाही. त्यांना माझा चेहराही आता धड दिसत नाही. मधोमध बघितलं तर मी पुसली जाते, तिरकं बघितलं तर कडेनं थोडी दिसते. दिसत होतं तेव्हा काय दिसलं, ते वेगळं.

पण तू चुकीच्या माणसाला विचारलंस, आणि तुला चुकीचं उत्तर गेलंय. ते दुरुस्त करते.

मी आजारी नाही. नोकरी ठीक आहे. ऑफिसात लोक माझ्याशी यंत्र बिघडलं की बोलतात. मी ते दुरुस्त करते, ते आभार मानतात, आणि पुन्हा बिघडेपर्यंत कुणी बोलत नाही. घरी बाबाही तसेच. तूसुद्धा. दीड महिना आपण दोघं एकमेकांना लिहीत होतो, कारण एक गोष्ट बिघडलेली होती. इतकं बोलणं माझ्याशी कुणी बऱ्याच दिवसांत केलेलं नव्हतं, तुझ्या एक-दोन ओळींच्या सहा मेल धरून. आता सगळं नीट चालतं. तुम्ही दोघं भिंतीपलीकडे गप्पा मारता आणि मला फक्त कळांचा आवाज येतो.

तक्रार करत नाही. वस्तुस्थिती सांगते आहे.

चाचणीचं खातं काल मी बंद केलं. माझा स्वतःचा पत्ता या मेलच्या वर आहे, तू गेल्यापासूनच्या चार वर्षांत बदललेला नाही. मी कशी आहे हे जाणून घ्यायचं असेल तर मला विचार.